पदपथाच्या कडेचे पंधरा सेंटिमीटर

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथांचे काम हाती घेतले. रुंदी डोळ्यांत भरते. पदपथ सर्वांना वापरता येईल की नाही, हे मात्र बरेचसे त्याच्या कडेच्या उंचीवर ठरते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मानकांनुसार ही उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटरची मोकळी पट्टी असावी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. पदपथ तेवढाच रुंद असेल, तर हा आडवा उतार त्याची सगळी रुंदी गिळतो आणि सरळ जाणाऱ्या आजींना तिरक्या फरशीवर तोल सांभाळावा लागतो. म्हणून सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ खाली न उतरवता मोटारीलाच त्यावर चढायला लावणे अधिक शहाणपणाचे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते, कारण मोटारीला दणका बसला की तक्रार लगेच येते.

दुचाकी पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांचेही असेच. स्कूटरच्या हँडलची आणि चाकाच्या खुर्चीची रुंदी जवळपास सारखीच असल्याने, जी फट एकीला अडवते ती दुसरीलाही अडवते. वाहतूक शिस्तीची उणीव काँक्रीटने भरून काढली की तिची किंमत भलताच माणूस मोजतो.

पथारीवाल्यांना हटवणे हाही असाच सोपा वाटणारा उपाय. वास्तविक रात्री उघडी असलेली भाजीची गाडी रस्त्याला वर्दळ आणि उजेड देते, आणि एकट्या बाईला त्याचाच आधार वाटतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने जागा ठरवण्याच्या कामी नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे बंधन घातले आहे. चालण्याची पट्टी मोकळी राखून गाड्या कुठे लावायच्या, हे आराखडा कागदावर असतानाच या समितीसमोर यायला हवे, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल निघण्यापूर्वी चाकाच्या खुर्चीवरील व पांढरी काठी वापरणाऱ्या नागरिकांनी तो पदपथ टोकापासून टोकापर्यंत पार करून पाहायला हवा.