कापराची पुरचुंडी आणि किडनीची रात्रपाळी

पेरूला इंका ट्रेलसाठी, म्हणजे माचू पिच्चूच्या प्राचीन इंका अवशेषांपर्यंत जाणाऱ्या पायी ट्रेकसाठी, निघायच्या आठवडाभर आधी मावशीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, की डोंगरावर ऑक्सिजन कमी असतो, कापराची पुरचुंडी जवळ ठेवा, हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो. लडाखला जाणारी आपली कितीतरी मंडळी याच भरवशावर विमानाने थेट ३,५०० मीटरवर लेहला उतरतात, म्हणून म्हटलं हे एकदा नीट लिहूया.

मुळात वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. दादरला २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे छाती तेवढीच भरली तरी आत जाणारे ऑक्सिजनचे रेणू कमी असतात. इंका ट्रेल म्हणजे ४ दिवस, साधारण ४३ किलोमीटर, आणि त्यातली सगळ्यात उंच खिंड वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटर. तिथे दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी याचा अंदाज येत नाही. अजून एक, लोक माचू पिच्चूच्या उंचीला घाबरतात पण ते २,४३० मीटरवरच आहे, डोकं दुखतं ते ट्रेकआधी जिथे मुक्काम करतात त्या कुस्कोला, कारण ते शहर ३,४०० मीटरवर आहे.

आता माझा आवडता भाग. दुसऱ्या दिवशी खिंड उतरून पाकायमायोला मुक्काम होता, सुमारे ३,६०० मीटर. रात्री शेजारी झोपलेल्या मावसभावाचा श्वास हळूहळू मोठा होत गेला, मग लहान लहान होत गेला आणि थांबला. मी घाबरून घड्याळाकडे बघत मोजायला लागलो, दहा, अकरा, बारा, आणि मग त्याने एकदम खोल श्वास घेतला आणि परत तेच चक्र. गडी फिट आहे, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेला, पण फिटनेसचा इथे संबंध नाही.

होतं काय, की मानेत दोन्ही बाजूंना मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. तिला ऑक्सिजन कमी झालेला लगेच कळतो आणि ती मेंदूला सांगते, श्वास वाढव. श्वास वाढला की ऑक्सिजन थोडा सुधारतो, पण सोबत कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. हा वायू रक्तात आम्लासारखा वागतो, तो गेला की रक्त अल्कलाइन होतं, आणि मेंदूतला दुसरा सेन्सर, जो आम्लावर नजर ठेवतो, तो म्हणतो पुरे, श्वास कमी कर. एक ॲक्सिलरेटर दाबतोय, दुसरा ब्रेक. जागेपणी कसंबसं निभतं, झोपेत दोघांची ओढाताण उघड दिसते, तेच मी तंबूत बघत होतो.

हा ब्रेक सोडवते किडनी. रक्तात बायकार्बोनेट (आम्लाचा जोर मोडणारा क्षार) आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २० ला १ असलं की पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल की अल्कलाइन याचं माप, ७.४ राहतो. समुद्रसपाटीला बायकार्बोनेट २४ (मिलिमोल प्रति लिटर), कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० (मिलिमीटर पारा), म्हणजे विरघळलेला साधारण १.२, आणि २४ भागिले १.२ म्हणजे २०. वर हा दाब ३० पर्यंत उतरला तर हिशोब जुळायला बायकार्बोनेट १८ वर यायला हवं. पूर्ण जुळत नाही सहसा, पण किडनी त्याच दिशेने काम करत राहते, जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे फेकून देते, आणि याला तास नाही, दिवस लागतात. उंचीवर पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी जास्त होते ती यामुळेही, म्हणून रात्री कडाक्याच्या थंडीत तंबूची चेन उघडावी लागली तर वैतागू नका, शरीर जुळवून घेतंय. नव्या लाल पेशींचं सगळे बोलतात, पण त्यांची संख्या खरी वाढायला आठवडे लागतात, ४ दिवसांच्या ट्रेकला त्यांचा उपयोग नाही.

डायमॉक्स ही गोळी हेच काम लवकर करून देते, किडनीला बायकार्बोनेट टाकायला लावते. पण डॉक्टरला विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

आणि कापूर? कापराने नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा उत्तेजित होतात, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण हवा काडीचीही जास्त जात नाही. कुस्कोत ऑक्सिजनचे छोटे कॅन मिळतात, त्यांनी काही मिनिटं बरं वाटतं, किडनीचं काम तसंच बाकी राहतं. मला राग येतो तो एवढ्यासाठी की कापूर हुंगून बरं वाटलं म्हणून माणूस अजून वर जातो. डोकेदुखी वाढतेय, उलट्या होतायत, तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय किंवा छातीत घरघर ऐकू येतेय, तर एकच करायचं, खाली उतरायचं, मग रात्रीचे दोन वाजले असोत.

आम्ही कुस्कोला ३ दिवस आधी जाऊन राहिलो होतो, तरी दुसरी रात्र अशी गेली. तिसऱ्या रात्री विन्यायवायनाच्या अवशेषांजवळ मुक्काम, तोपर्यंत साधारण २,६५० मीटरपर्यंत उतरलोही होतो, आणि भावाचा श्वास घड्याळासारखा चालू होता. चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकूच्या, म्हणजे सूर्यद्वाराच्या, दगडी दरवाज्यातून खाली माचू पिच्चूच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवरून धुकं सरकताना बघितलं, तेव्हा तो इतकं भराभर बोलत होता की मधे दमसुद्धा खात नव्हता.