इस्रायल आणि यहूदा: दोन राज्यं, दोन हद्दपाऱ्या, एक नाव

बॅबिलोनच्या राजाने ज्यूंना कैद करून नेलं आणि त्यात त्यांचे दहा वंश हरवले, अशा अर्थाचं वाक्य मी मराठीत इतक्या ठिकाणी वाचलं आहे, की ते दिसलं की पुढचं वाचवत नाही. एवढ्याशा वाक्यात दोन राज्यं, दोन साम्राज्यं आणि सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर यांचा काला झालेला असतो. दहा वंश हरवले ते इस्रायलचे, असिरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याच्या हातून. बॅबिलोनला गेले ते यहूदाचे लोक, आणि ते हरवले नाहीत.

राजा दावीद, त्याचा मुलगा शलमोन आणि जेरुसलेमचं मंदिर ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. दावीद-शलमोनाचं एकत्र राज्य नेमकं केवढं होतं यावर संशोधकांत वाद आहेत, त्यातही शिरत नाही. शलमोनानंतर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास, त्याचा मुलगा रहबाम शखेमला गेला. लोकांनी त्याच्याकडे कामाचं ओझं हलकं करण्याची विनंती केली. बापाने तुम्हाला चाबकाने फोडलं, मी विंचवांनी फोडीन, असं त्याने उत्तर दिलं, अशी बायबलातली कथा आहे. बारा वंशांपैकी (टोळ्यांपैकी) उत्तरेकडचे दहा यराबाम नावाच्या पुढाऱ्याच्या मागे गेले आणि त्यांच्या राज्याचं नाव झालं इस्रायल. दक्षिणेत दावीदाच्या घराण्याकडे जे उरलं ते यहूदा.

बाकीचे फरक पाठ करण्यासारखे आहेत, समजून घ्यावे असं त्यांत फारसं नाही. यहूदाची राजधानी जेरुसलेम. इस्रायलची शेवटी शोमरोन, म्हणजे समारिया. यहूदात जवळजवळ सलग, अखेरपर्यंत दावीदाचंच घराणं; इस्रायलमध्ये घराणी उलथत राहिली. यहूदाचं मंदिर जेरुसलेमात. यराबामाची देवस्थानं बेथेल आणि दान इथे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी, कारण जेरुसलेमच्या वलयामुळे ती झाकली जाते. या दोघांत मोठं, सुपीक आणि श्रीमंत राज्य उत्तरेचं होतं. इ.स.पू. ८५३ मध्ये सीरियातल्या करकर इथे असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध जी आघाडी उभी राहिली, तिच्यात त्याच्याच शिलालेखाप्रमाणे इस्रायलचा राजा अहाब याचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होतं. त्या यादीत यहूदाचं नाव सापडत नाही. असिरियाचे लेखनिक इस्रायलला अहाबाच्या बापावरून ‘अम्रीचं घराणं’ म्हणत. अशा अहाबाला ‘ज्यू राजा’ म्हटलेलं वाचलं की मला अक्षरशः त्रास होतो. ज्यू आणि यहुदी हे दोन्ही शब्द यहूदावरून आले आहेत. अहाब यहूदाचा नव्हता. त्याला इस्रायली राजा म्हणा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खरी गल्लत दोन हद्दपाऱ्यांची होते, आणि ती सालं पाठ करून सुटत नाही. दोन्ही साम्राज्यं माणसं कशी हलवत होती ते पाहावं लागतं.

असिरियाने समारियाला वेढा घातला तो पाचव्या शल्मनेसरच्या काळात. शहर पडलं इ.स.पू. ७२२ च्या सुमारास. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या सारगोनने आपल्या शिलालेखात २७,२९० माणसं नेल्याचं नोंदवलं आहे. बायबल त्यांची ठिकाणं देतं: हलह, गोजानातल्या हाबोर नदीचा काठ आणि मेदी लोकांची नगरं. म्हणजे आजच्या उत्तर सीरियापासून पश्चिम इराणपर्यंत ती माणसं विखुरली गेली. पण हे अर्धंच झालं. रिकाम्या झालेल्या गावांत असिरियाने बाबेल (बॅबिलोन), कूथा, हमाथ अशा ठिकाणची माणसं आणून बसवली. जिंकलेल्या प्रदेशातल्यांना उपटून दुसरीकडे लावायचं आणि दुसरीकडच्यांना इथे आणायचं, ही असिरियाची राज्य करण्याची पद्धतच होती. जमिनीशी नातं तुटलं, शेजारी परके झाले, की बंडाला एकजूट उरत नाही. काही पिढ्यांत भाषा, देव, सोयरिकी सगळं आजूबाजूच्यांत मिसळून गेलं. ‘हरवले’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. कुठल्या डोंगरापलीकडे दहा वंश जसेच्या तसे शोधले जाण्याची वाट पाहत बसले आहेत, ही कल्पना मनाला भुरळ घालते, पण असिरियाची पद्धत समजली की ती टिकत नाही.

शिवाय सगळे गेलेही नाहीत. २७,२९० हा अख्ख्या राज्याच्या लोकसंख्येचा आकडा नव्हे. मागे राहिलेल्यांचे वंशज आपण आहोत, असं शोमरोनी लोक आजही सांगतात. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि इस्रायलमधल्या होलोन शहरात मिळून हजाराच्या आत उरलेला हा समाज आजही त्या डोंगरावर वल्हांडणाचं, म्हणजे मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) सुटकेच्या सणाचं कोकरू कापतो. आणखी कित्येक जण दक्षिणेला यहूदात आले असावेत. इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात जेरुसलेम पश्चिमेच्या टेकडीवर पसरलं आणि त्याभोवती सुमारे ७ मीटर रुंद तट उभा राहिला; या वाढीत उत्तरेच्या निर्वासितांचा मोठा वाटा होता, असं बरेच संशोधक मानतात. होशेय या संदेष्ट्याची वचनं, एलीया या संदेष्ट्याच्या गोष्टी हे सगळं उत्तरेचं. जेरुसलेमात ते जपलं गेलं, म्हणूनच आपल्यापर्यंत पोचलं.

असिरियाने यहूदालाही सोडलं नव्हतं. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाचा राजा सन्हेरीब याने ४६ तटबंद नगरं घेतल्याचा दावा केला आणि यहूदातल्या लाखीश नगराचा पाडाव आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतला. पण जेरुसलेम पडलं नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळे बदललं.

बॅबिलोनची पाळी आली ती यानंतर शंभर वर्षांनी. तिथला राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये जेरुसलेम घेऊन राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर आणि लोहार नेले. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर आणि शहर जाळून आणखी लोक नेले. पण त्यांच्या जागी यहूदात कोणालाही आणून बसवलं नाही. शिवाय नेलेल्यांना बॅबिलोनियात गटागटाने, एकत्र वसवलं. संदेष्टा यहेज्केल कबार कालव्याकाठच्या तेल अबीब या वस्तीत राहत होता. एका गावाचं तर नावच ‘अल यहुदू’ होतं, म्हणजे यहूदानगर. तिथल्या मातीच्या पाट्यांपैकी सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची आहे, म्हणजे मंदिर जळून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. त्या पाट्यांवर जमिनीचे खंड, कर, कर्ज, साक्षीदार असा रोजचा व्यवहार आहे, आणि माणसांच्या नावांमध्ये यहोवाच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या नावाचा अंश तसाच आहे. बॅबिलोनमध्येच सापडलेल्या दुसऱ्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे.

म्हणून मी ‘बॅबिलोनची गुलामगिरी’ असं लिहीत नाही आणि कोणी लिहू नये असं मला वाटतं. मंदिर गेलं, शहर गेलं, माणसं बळजबरीने नेली गेली. ते दुःख खरंच आहे. पण जमीन कसणाऱ्या, कर भरणाऱ्या, साक्षीला उभ्या राहणाऱ्या या माणसांना गुलाम म्हणता येत नाही. गुलामगिरीची कथा आहे ती मिसरमधली. इथे हद्दपारी म्हणावं, किंवा मराठी बायबलातला बंदिवास.

एकत्र राहिल्यामुळे ते यहूदाचे म्हणूनच उरले. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशाने बॅबिलोन घेतलं, परतीची वाट उघडली आणि इ.स.पू. ५१५ च्या सुमारास नवं मंदिर पूर्ण झालं. पुष्कळ जण परतलेच नाहीत. इराकचा ज्यू समाज आपलं मूळ त्यांच्यापाशी नेतो. त्याच समाजातला डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आला आणि पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याने बांधलं.

मग हयात राहिलं यहूदा, तरी नाव ‘इस्रायल’ कसं चालू राहिलं? कारण हे नाव आधी लोकांचं होतं, राज्याचं नंतर झालं. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या मिसरचा राजा, फारो मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात इस्रायल येतं तेव्हा त्याला प्रदेशाची नव्हे, लोकसमूहाची खूण जोडलेली आहे. राज्य फुटायला तेव्हा पावणेतीनशे वर्षं अवकाश होता. जेरुसलेमात राहणारा संदेष्टा यशया देवाला ‘इस्राएलाचा पवित्र प्रभू’ म्हणतो, तोही याच व्यापक अर्थाने. उत्तरेचं राज्य बुडालं तेव्हा नावाचा राजकीय अर्थ संपला, लोकांचा अर्थ उरला, आणि तो यहूदाच्या लोकांनी चालवला. म्हणून वाचताना मी आधी काळ आणि राजा पाहतो. इ.स.पू. ९३० ते ७२२ या काळातला राजा ‘इस्रायलचा’ म्हटला असेल तर तो उत्तरेचा. बाकी ठिकाणी बहुधा लोक अभिप्रेत असतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाबद्दल लिहिताना हीच चूक पुन्हा होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत त्यांचे वंशज शनवार तेली म्हणून ओळखले गेले: ही त्यांची परंपरा मला मनापासून प्रिय आहे. पण नावात ‘इस्रायल’ आहे, म्हणजे ते उत्तरेच्या हरवलेल्या दहा वंशांतले, हा निष्कर्ष नावावरून निघत नाही. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची मुलं, आणि यहूदाचे लोकही स्वतःला हेच म्हणवत आले. दुसरा पुरावा दिला जातो तो मलिद्याचा, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाच्या विधीचा: मलिदा करताना ते एलियाहू हनबीचं, म्हणजे संदेष्टा एलीयाचं स्मरण करतात, आणि एलीया उत्तरेचा, अहाबाला तोंडावर सुनावणारा संदेष्टा. तो उत्तरेचा होता हे खरंच. पण जगभरच्या ज्यूंमध्ये सुंतेच्या वेळी एलियाहूसाठी खुर्ची मांडतात आणि वल्हांडणाच्या रात्री त्याच्या नावाचा पेला भरतात. समारिया पडल्यावर तो संदेष्टा यहूदाचाही झाला होता.