कागदाचा गणपती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचे गणेशचित्र पुजण्याची गोव्यातील काही हिंदू घराण्यांची रीत. कोकणीत ‘कागदाचो गणपती’. पत्रीचा गणपती हा तिचा सख्खा शेजारी. त्यात पत्रीच देवाच्या जागी असते.

रीतीचे मूळ पोर्तुगीज अमदानीतल्या धर्मछळात सांगतात. तिसवाडी म्हणजे जुन्या गोव्याभोवतालच्या तालुक्यातली देवळे १५४० पासून पाडली गेली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, चालले. मूर्ती आणायची तर गावाला कळणार. कागद गुंडाळून पेटीत जातो. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो मात्र १७६३ मध्ये. तिथल्या घरांतली रीत या कारणाने समजून घ्यायची, तर तिसवाडी-सासष्टीतून देव घेऊन तिकडे गेलेली कुटुंबे आठवावी लागतात.

पूजा षोडशोपचारीच, पण चित्रावर पाणी ओतता येत नाही. म्हणून चित्रापुढे ताम्हनात सुपारी किंवा धातूची लहान मूर्ती ठेवून अभिषेक तिच्यावर करतात. चित्राला दूर्वेने प्रोक्षण. गंध-कुंकू चौकटीच्या काचेला लावावे. उघड्या कागदावर लावलेले ओले कुंकू रंगात उतरते आणि पुन्हा निघत नाही. माटोळी, म्हणजे देवावर टांगायची फळापानांची चौकट, चित्राच्या थोडी पुढे बांधावी. पाचव्या-सातव्या दिवशी पिकलेली केळी गळू लागतात, कांगलां ही रानफळे उकलून बिया पडतात. सगळे थेट चित्राच्या चौकटीवर येते.

खरा शत्रू दमट हवा. चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते, म्हणून चौकट भिंतीपासून बोटभर सुटी हवी. काच रंगाला टेकली तर रंग काचेलाच चिकटतो. मधे जाड पुठ्ठ्याची किनार घातली की हे टळते. कापूर, समई चित्राच्या अगदी खाली नको. काजळीने आधी सोंड काळी पडते.

इथे पठणालाही वजन असते. चतुर्थीच्या सकाळी, जेवणाआधी, अथर्वशीर्षाची २१ आवर्तने होतात. शांतिमंत्र सुरुवातीला आणि शेवटी. प्रत्येक आवर्तन ‘वरदमूर्तये नमः’ इथे थांबते आणि फलश्रुती फक्त शेवटच्या वेळी. मोजणीला २१ दूर्वा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकतात. न धावता म्हटले तर दीड-दोन तास लागतात. गोंधळ होतो तो ‘गुणत्रयातीतः’पाशी. पुढची ‘अवस्थात्रयातीतः, देहत्रयातीतः, कालत्रयातीतः’ ही पदे वेगवेगळ्या छापील प्रतींत वेगळ्या क्रमाने येतात, एखाद्या प्रतीत एक पद नसतेही. मुंबईहून आलेली भावंडे आपापली पुस्तिका काढतात आणि तिथेच सूर फुटतो. घरात एकच प्रत ठरवावी, तिच्या झेरॉक्स वाटाव्यात. संध्याकाळी घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या. शब्द बहुतेक मराठी.

विसर्जनात घराघरांत फरक आहे. काही घरी दरवर्षी नवे चित्र काढतात आणि जुने पाण्यात सोडतात. जिथे चित्र पिढ्यांचे आहे तिथे उत्तरपूजेनंतर ते किंचित हलवतात, नारळ, पत्री आणि निर्माल्य विहिरीवर किंवा व्हाळात (ओढ्यात) नेतात. चित्र सुती कापडात गुंडाळून परत पेटीत. गुंडाळण्याआधी दोन दिवस सावलीत वारा द्यावा, नाहीतर पुढच्या चवथीला घडी बुरशीने चिकटलेली निघते.