हानेजी चोशू

हानेजी चोशू : (१६१७–७५). रिऊक्यू राज्याचा (सध्याचा ओकिनावा, जपान) प्रधान व इतिहासकार. चिनी धर्तीचे नाव शो शोकेन. राजघराण्याच्या एका शाखेत जन्म. 'हानेजी' हे नाव उत्तर ओकिनावातील त्याच्या परगण्यावरून पडले.

त्याचा उल्लेख राजपुत्र असा होत असला, तरी तो राजाचा मुलगा नव्हे. 'ओजी' (राजपुत्र) ही पदवी राजाच्या मुलांप्रमाणेच सेस्सेई, म्हणजे मुख्य प्रधान, झालेल्या वरिष्ठ सरदारांनाही मिळे. हानेजीस ती १६६६ मध्ये या पदाबरोबर मिळाली असे मानणे सयुक्तिक ठरते.

राजा शो शित्सू याच्या आज्ञेने त्याने १६५० मध्ये *चूझान सेईकान* हा रिऊक्यूचा पहिला राज्य-इतिहास जपानी भाषेत लिहिला. पहिला राजा शुन्तेन हा मिनामोतो नो तामेतोमो या परागंदा जपानी योद्ध्याचा मुलगा, असे त्यात म्हटले आहे. सात्सुमा या दक्षिण जपानमधील सरदारी राज्याच्या १६०९ मधील स्वारीनंतर जपानशी जवळीक दाखविण्यासाठी हानेजीने ही कथा रचली, असे काही अभ्यासक मानतात. तथापि ताइचू या बौद्ध भिक्षूच्या १६०५ च्या सुमाराच्या ग्रंथातही तामेतोमोचा उल्लेख येतो. त्यामुळे हानेजीने प्रचलित आख्यायिकेला राजमान्यता दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे साइ ताकू व साइ ओन यांनी या इतिहासाच्या चिनी आवृत्त्या सिद्ध केल्या.

सेस्सेई असताना (१६६६–७३) काढलेले त्याचे हुकूम *हानेजी शिओकी* या नावाने संकलित आहेत. १६६७ च्या हुकमानुसार हिशेब, लेखन, वैद्यक, पुष्परचना, पाककला, चहाविधी, घोडेस्वारी अशांपैकी एकही विद्या न येणाऱ्या तरुण सरदारास नेमणूक मिळावयाची नव्हती. कुळ कितीही मोठे असो. दरबारी खर्च व धर्मकार्यातील पुजारिणींचा प्रभावही त्याने आटोक्यात आणला.

धान्याची पहिली बियाणी ओकिनावाजवळच्या कुदाका बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आली, अशी श्रद्धा असल्याने राजा तेथे यात्रेस जाई. फेब्रुवारीच्या सुमारास समुद्र खवळलेला असतो व खर्चाचा भार रयतेवर पडतो, असा हानेजीचा आक्षेप होता. पंचधान्ये मुळात जपानातूनच आली, तेव्हा पूजा कोठूनही करता येईल, असेही त्याने मांडले. पशुपक्षी व वनस्पतींची नावे दोन्हीकडे सारखी, हा त्याचा पुरावा. ओकिनावाचा अभ्यासक इहा फुयू याने विसाव्या शतकात याच युक्तिवादाचा आधार घेतला. कुदाकाला पुढे राजाऐवजी प्रतिनिधी जाऊ लागला.