ईबेवर अन्यायकारक निगेटिव्ह फीडबॅक मिळाला तर: काढण्याची विनंती, बदलाचा अर्ज आणि लागणारे पुरावे

ईबे या ऑनलाइन लिलाव-विक्रीच्या संकेतस्थळावर ग्राहकाचा निगेटिव्ह शेरा (फीडबॅक) आला की पहिल्या तासात काहीही लिहू नका. ना ग्राहकाला, ना शेऱ्याखाली. ईबेवर विक्रेत्याला प्रत्येक शेऱ्याखाली जाहीर उत्तर एकदाच देता येतं आणि ते नंतर दुरुस्त करता येत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं ते एक वाक्य पुढच्या प्रत्येक बोलीदाराला दिसत राहतं. मूळ तक्रारीपेक्षा त्या उत्तरानंच जास्त नुकसान झालेले विक्रेते मी पाहिले आहेत.

मी पुण्यातून जुनी टपाल तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालेल्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं) विकतो. ईबेनं २००४ मध्ये बाझी डॉट कॉम हे भारतीय लिलावाचं संकेतस्थळ विकत घेऊन भारतात पाय रोवले होते, पण ईबे इंडियाचं संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. तेव्हापासून आपल्याकडचे विक्रेते ईबे डॉट कॉमवरून परदेशी ग्राहकांनाच माल पाठवतात. त्यामुळे फीडबॅकचे नियम ईबेचे, अर्ज इंग्रजीत आणि ग्राहक हजारो मैल दूर, अशी आपली स्थिती असते. म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

ईबे तुमचा न्यायनिवाडा करत नाही. ग्राहक खरं बोलतोय की खोटं, हे तिथे कोणी तपासत नाही. शेऱ्यामुळे किंवा व्यवहारातल्या ग्राहकाच्या वागण्यामुळे ईबेचा एखादा नियम मोडला का, एवढंच पाहिलं जातं. म्हणून ‘माझ्यावर अन्याय झाला’ असा अर्ज फेटाळला जातो आणि ‘अमुक नियमाचा भंग झाला, हा पुरावा’ असा अर्ज मंजूर होतो. दुखावलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, मलाही गेलं. पण विनंतीचा मजकूर यावरच ठरतो.

जुन्या विक्रेत्यांना आठवत असेल, मे २००८ पूर्वी विक्रेताही ग्राहकाला निगेटिव्ह देऊ शकत होता. त्यातून बदला घेण्याचे प्रकार इतके वाढले की ईबेनं तो हक्कच काढून घेतला. आता विक्रेता फक्त पॉझिटिव्ह देऊ शकतो किंवा काहीच नाही. पॉझिटिव्ह देऊन शब्दांत मात्र ग्राहकाची निंदा करायची, ही पळवाटही बंद आहे. असा शेरा ग्राहकाला काढून घेता येतो.

अर्ज कोणाला करता येतो

ज्या खात्यावर शेरा आला त्या खात्याच्या मालकाला. त्यासाठी वेगळं शुल्क नाही की वकीलही लागत नाही. ग्राहकाला व्यवहारानंतर ६० दिवसांपर्यंत फीडबॅक देता येतो, त्यामुळे माल पोहोचून महिना झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

फीडबॅक निघण्याची मुख्य कारणं अशी. शेऱ्यात शिवीगाळ, धमकी, द्वेषाची भाषा, कोणाचं खासगी नाव-पत्ता किंवा दुसऱ्या संकेतस्थळाची लिंक असेल, तर तो निघतो. चुकून दुसऱ्याच विक्रेत्यासाठीचा शेरा तुमच्या खात्यावर पडला आणि मजकुरावरून ते उघड दिसत असेल, तर तोही निघतो. ग्राहकानं नोंदवलेल्या तक्रारीचा निकाल ईबेनं तुमच्या बाजूनं दिला असेल, तर त्या व्यवहाराचा निगेटिव्ह काढायला सबळ आधार मिळतो. तक्रार तुमच्या विरोधात बंद झाली असेल तर ३० दिवसांत अपील करता येतं. अपील जिंकलात की हाच आधार पुन्हा हाती येतो. उशिराबद्दलचा शेरा असेल आणि पार्सल दिलेल्या मुदतीत पोहोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसत असेल, तर ती विनंतीही टिकते.

आणखी एक कारण म्हणजे फीडबॅकची धमकी देऊन जास्तीचं काही मागणं. लिस्टिंगमध्ये (वस्तूच्या विक्रीच्या पानावर) नसलेली वस्तू, फुकट शिपिंग, अर्धे पैसे परत, ‘नाहीतर निगेटिव्ह टाकतो’. ही खंडणीच आहे आणि ईबेच्या नियमांतही तिला तसंच मानलं जातं. पण एक अट लक्षात ठेवा. धमकी ईबेच्या मेसेजमध्ये लेखी असायला हवी. ग्राहक व्हॉट्सअॅपवर किंवा खासगी ईमेलवर बोलू लागला की त्याला विनयानं सांगा, ‘आपण ईबेच्या मेसेजमध्येच बोलू.’ बाहेरचं संभाषण ईबेच्या दृष्टीनं झालेलंच नसतं.

हाच नियम उलट बाजूनंही लागू होतो. ‘पॉझिटिव्ह केलंत तर रिफंड देतो’ असं तुम्ही लिहिलंत, तर नियम तुम्ही मोडलात. रिफंड द्यायचाच असेल तर विनाअट द्या आणि त्या मेसेजमध्ये फीडबॅक हा शब्दही येऊ देऊ नका.

लिलावातला खास प्रकार: बोली लावून पैसे न देणारा

लिलावात हा त्रास सर्वांत जास्त होतो. शेवटच्या सेकंदाला बोली लावून जिंकायचं, मग गप्प बसायचं आणि विक्रेत्यानं आठवण केली की निगेटिव्ह टाकायचा. इथे विक्रेत्याच्या बाजूनं नियम स्पष्ट आहे, फक्त आपली पायरी चुकता कामा नये.

जिंकल्यावर ग्राहकाला पैसे भरायला ४ दिवस मिळतात. पाचव्या दिवसापासून तुम्ही ऑर्डर रद्द करू शकता आणि ही मुभा विक्रीपासून ३२ दिवसांपर्यंत असते. रद्द करताना कारणांची यादी येते. त्यात ‘ग्राहकानं पैसे भरले नाहीत’ हेच कारण निवडा. घाईत किंवा भिडेखातर ‘माल शिल्लक नाही’ निवडलंत, तर दोष तुमच्या खात्यावर चढतो. योग्य कारण निवडलं असेल, तर त्या व्यवहारावर त्या ग्राहकानं दिलेला निगेटिव्ह काढून मिळतो. चांगलं वागावं म्हणून चुकीचं कारण निवडणारे बरेच विक्रेते मला भेटले आहेत. तो चांगुलपणा ग्राहकाच्या नजरेत येतही नाही.

जमवायचे पुरावे

शेरा आला की लगेच एक फोल्डर करा आणि त्यात हे टाका: ऑर्डर क्रमांक, आयटम क्रमांक, लिस्टिंगच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट (वर्णन, सगळे फोटो, शिपिंगची अट, परतीची अट), ईबेवरचा सगळा पत्रव्यवहार तारखांसह, रिटर्न किंवा तक्रार झाली असेल तर तिचा निकाल आणि शेऱ्याचा स्क्रीनशॉट. लिस्टिंगचं पान कायम राहत नाही, म्हणून ते विक्री होताच जतन करण्याची सवय लावा.

पोस्टाच्या पावतीकडे विशेष लक्ष द्या. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा नंबर १३ अक्षरांचा असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग ९ अंक आणि शेवटी भारताची ‘आय-एन’ ही दोन अक्षरं. ईबेवर टाकताना यातला एक अंक चुकला, तर वेळेत पाठवूनही तुमच्याकडे पुरावा उरत नाही. मी पावती, कस्टम्सचा सीएन २२ अर्ज आणि बंद पाकीट असा तिन्हींचा एकत्र फोटो काउंटर सोडण्याआधीच काढतो. बुकिंगची नोंद ट्रॅकिंगवर दिसते का, तेही त्याच दिवशी संध्याकाळी पाहून घेतो.

कस्टम्सवरून येणाऱ्या निगेटिव्हचं प्रमाण आता वाढू शकतं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आणि तिथल्या अनेक ग्राहकांना हे दारात शुल्क मागितल्यावरच कळतं. आयात शुल्क कोण भरणार, ते लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा. पुढे वाद झाला तर तेच वाक्य कामी येतं.

विनंती कशी भरायची

सेलर हबमध्ये (ईबेवरच्या विक्रेत्याच्या कामाच्या पानावर) परफॉर्मन्स विभागातून फीडबॅकवर जा, तो शेरा शोधा आणि काढण्याच्या विनंतीचा पर्याय घ्या. कारण निवडून थोडक्यात मजकूर लिहा. पहिल्या वाक्यात नियम, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात पुरावा. उदाहरणार्थ, इंग्रजीत लिहायचा मजकूर या अर्थाचा असावा: ‘ग्राहकानं पैसे भरले नाहीत. ऑर्डर पाचव्या दिवशी त्याच कारणानं रद्द केली. रद्द झाल्यावर हा निगेटिव्ह दिला गेला.’ एवढं पुरे. आपण किती वर्षं प्रामाणिकपणे धंदा करतोय हे लिहू नका, त्यानं विनंती कमकुवत होते. उत्तर यंत्रानं दिलेलं वाटलं आणि आधार भक्कम असेल, तर ग्राहक सेवेशी चॅटवर किंवा फोनवर बोला आणि तेच तीन मुद्दे त्याच क्रमानं मांडा.

नियम मोडलेला नसेल तर: बदलाची विनंती

माझा एक अनुभव सांगतो. १९४८ च्या गांधी मालिकेतलं साडेतीन आण्यांचं तिकीट मी लिलावात विकलं होतं. मागच्या बाजूला हिंजचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवण्याच्या कागदी पट्टीचा) डाग होता, तसं वर्णनात लिहिलं होतं आणि तिसऱ्या फोटोत डाग स्पष्ट दिसत होता. ग्राहकानं शेरा दिला: ‘डाग लपवला, फसवणूक.’ मी चिडून पानभर विनंती लिहिली. ती फेटाळली गेली, आणि नियमानं पाहिलं तर बरोबरच होतं. ते ग्राहकाचं मत होतं, कितीही चुकीचं असलं तरी. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, ऑर्डरही नीट पूर्ण झाली होती.

अशा वेळी उरतो तो फीडबॅक बदलण्याचा अर्ज. शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो पाठवावा लागतो आणि ग्राहकाकडे स्वीकारायला किंवा नाकारायला १० दिवस असतात. या अर्जांची संख्या मोजकी आहे, वर्षाला मिळालेल्या दर १,००० फीडबॅकमागे ५. छोट्या विक्रेत्याच्या वाट्याला वर्षात पाचच येतात, त्यामुळे ते प्रत्येक न्यूट्रल (ना चांगल्या, ना वाईट) शेऱ्यावर खर्च करू नका. आणि आधी ग्राहकाशी बोलणं होऊ द्या, मगच अर्ज पाठवा. काही न बोलता आलेल्या अर्जावर माणूस नाकाराचं बटण सहज दाबतो.

मी ग्राहकाला तिसरा फोटो पाठवला आणि लिहिलं की, लहान स्क्रीनवर हा फोटो सुटला असेल, तिकीट परत पाठवायचं असेल तर पूर्ण पैसे परत देतो. फीडबॅकबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, त्यानं फक्त पहिला फोटो पाहिला होता आणि तिकीट त्याला ठेवायचं होतं. त्यानंतर मी बदलाचा अर्ज पाठवला आणि तो त्यानं स्वीकारला.

तेही झालं नाही तर

मग ते एकमेव जाहीर उत्तर द्या. ते तक्रार करणाऱ्यासाठी लिहायचं नसतं, पुढचा बोलीदार वाचणार असतो. ‘हिंजचा डाग वर्णनात आणि तिसऱ्या फोटोत दाखवला होता. पूर्ण रिफंड देऊ केला होता.’ घडलेल्या दोन गोष्टी सांगा आणि विशेषणं टाळा.

एका निगेटिव्हचा हिशेबही नीट करा. पॉझिटिव्ह टक्केवारी गेल्या १२ महिन्यांच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवरून निघते, न्यूट्रल त्यात धरत नाहीत. वर्षात १० शेरे असतील तर एका निगेटिव्हनं टक्केवारी ९० वर येते, ६० असतील तर ९८.३ वर. म्हणून नव्या विक्रेत्यानं अशा वेळी स्वस्त पण निर्दोष वस्तूंचे व्यवहार वाढवावेत. १२ महिने झाले की तो शेरा टक्केवारीतून बाहेर पडतो.

कायद्याची वाट

न्यायालयानं मजकूर बदनामीकारक ठरवल्याचा वैध आदेश दिला, तर ईबे शेरा काढतं. पण एका तिकिटासाठी या वाटेनं जाऊ नका असंच मी म्हणेन. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये एका कंपनीनं, पार्सलवर १.४४ डॉलर टपालखर्च वसूल झाल्याबद्दल आलेल्या निगेटिव्हसाठी ग्राहकावर दावा लावला. देशभर टीका झाली आणि कंपनीला माफी मागून दावा मागे घ्यावा लागला. भारतात बदनामीची फौजदारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि लेखी बदनामीच्या भरपाईसाठी दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. धंदाच बुडेल असा खोटा आरोप असेल तर वकिलाशी बोला, आणि वर्ष संपायच्या आत बोला.

विक्री भारतातल्याच एखाद्या संकेतस्थळावर होत असेल, तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्यानं २४ तासांत पोच आणि साधारण ७ दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे (फेब्रुवारी २०२६ पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती). मित्रांकरवी किंवा दुसऱ्या खात्यातून स्वतःला चांगले शेरे मिळवून भरपाई करण्याच्या फंदात मात्र पडू नका. ग्राहक असल्याचं भासवून विक्रेत्यानं रिव्ह्यू टाकणं ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये थेट निषिद्ध आहे.

प्रकरण मिटलं, मग ते कसंही मिटलेलं असो, की त्रास देणाऱ्या ग्राहकाचं खातं ब्लॉक केलेल्या ग्राहकांच्या यादीत टाका. पैसे न भरल्याच्या नोंदी असलेल्या खात्यांना बोली लावू न देण्याची सेटिंगही तिथेच जवळ आहे. ती पुढचा लिलाव लावण्याआधी सुरू करा.