एक्सएमएल साधने

एक्सएमएल या खूणभाषेतील मजकूर लिहिणे, तपासणे, त्यात शोध घेणे आणि त्याला दुसरे रूप देणे यांसाठीचे सॉफ्टवेअर. संपादक, पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा), परिवर्तक व डेटाबेस हे त्याचे मुख्य प्रकार. मोठ्या संपादकांत पहिल्या तिन्ही प्रकारांची कामे एकत्र आलेली असतात.

उगम : एक्सएमएल १.० ही शिफारस डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. तिच्यासाठीचा पहिला संपादक कोणता, याचे उत्तर ‘संपादक’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. एक्सएमएलस्पाय (सु. १९९९) व ऑक्सिजन (सु. २००२) यांच्यापासून ही परंपरा मोजता येते. मात्र एसजीएमएल (आयएसओ ८८७९, १९८६) या पूर्वज भाषेसाठी सॉफ्टक्वाडचा ऑथर/एडिटर, आर्बरटेक्स्टचा ॲडेप्ट आणि ईमॅक्स या मजकूर-संपादकातील पीएसजीएमएल ही साधने आधीच वापरात होती. व्याकरण पाहून या ठिकाणी कोणता टॅग (कोनी कंसातील खूण) चालेल हे सुचवण्याची सोय तेव्हाच रूढ झाली होती. म्हणून एसजीएमएलपासूनची, प्रकाशन-व्यवहारातून आलेली ही वंशावळ अधिक ग्राह्य वाटते.

तुलनेचे निकष : सुघटितपणा, म्हणजे टॅग नीट उघडले-मिटले आहेत का, हे जवळजवळ प्रत्येक साधन तपासते. फरक वैधतेच्या, म्हणजे मजकूर ठरवून दिलेल्या व्याकरणाप्रमाणे आहे का याच्या, तपासणीत पडतो. डीटीडी, एक्सएमएल स्कीमा (२००१), रिलॅक्स एनजी व स्किमाट्रॉन या व्याकरण मांडण्याच्या चारही पद्धती ऑक्सिजन हाताळतो. जेम्स क्लार्क यांचा ईमॅक्ससाठीचा एनएक्सएमएल मात्र रिलॅक्स एनजीच्या संक्षिप्त लेखनावरच चालतो. तरीही टंकन चालू असतानाच चूक दाखवण्यात तो आजही उत्तम आहे. परिवर्तनासाठीच्या एक्सएसएलटी या भाषेत एक्सएसएलटीप्रोक १.० आवृत्तीपाशी थांबतो, तर मायकेल के यांचा सॅक्सन ३.० पर्यंत पोहोचतो.

या सर्वांहून महत्त्वाचा, पण तुलनेच्या तक्त्यांत सहसा न येणारा निकष म्हणजे जतन करताना साधन मूळ मजकुराचे काय करते. एक्सएमएल इन्फोसेट (२००१) या एक्सएमएल मजकुरातील माहितीच्या अधिकृत वर्णनात गुणधर्मांचा (टॅगमधील नाव-मूल्य जोड्यांचा) क्रम, अवतरणचिन्हाचा प्रकार आणि सीडेटा विभागांच्या (ज्यांतील चिन्हे टॅग न मानता जशीच्या तशी वाचली जातात) सीमा यांची नोंद नाही. त्यामुळे फाइल वाचून स्मृतीत तिच्या रचनेचा वृक्ष उभारणारे व त्यावरून ती पुन्हा लिहिणारे साधन या गोष्टी बदलू शकते. आकडेवारीच्या फाइलीत त्याने अर्थ बिघडत नाही, पण आवृत्त्यांची तुलना करताना नको ते फरक दिसू लागतात. मिश्र आशयात, म्हणजे वाक्यातच टॅग असलेल्या मजकुरात, आपोआप होणारी मांडणी याहून घातक ठरते. ‘<संज्ञा>आवृत्ती</संज्ञा>त’ या मजकुरात प्रत्यय टॅगबाहेर, पण शब्दाला चिकटून आहे. साधनाने तेथे नवी ओळ घातली, तर वाचकाला ‘आवृत्ती त’ असे तुटलेले दिसते. फाइल उघडावी, काहीही न बदलता जतन करावी आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावी, ही चाचणी कोणत्याही वैशिष्ट्य-यादीपेक्षा विश्वसनीय होय. ताडताना दोन्ही प्रती आधी एक्सएमएललिंट या साधनाने कॅनॉनिकल (ठरावीक प्रमाण) रूपात आणल्यास गुणधर्मांचा क्रम व सीडेटा यांचे फरक गळून पडतात, मोकळ्या जागेचे मात्र राहतात. नेमके तेच पाहायचे असतात.

मोठ्या फाइली : वृक्ष मूळ फाइलीच्या कित्येक पट स्मृती व्यापतो. अशा वेळी मजकूर ओघाने वाचणारा सॅक्स पद्धतीचा पार्सर घेतात. बेसएक्स व एक्झिस्ट हे डेटाबेस फाइलींचा संच साठवून एक्सक्वेरी या शोधभाषेने शोधू देतात.