फुसका निघालेला फटाका दुकानात परत आणू नका

फटाका फुसका निघाला तर बदलून मिळतो का, हा प्रश्न आम्हाला दिवाळीच्या चार दिवसांत सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर सरळ आहे: हो, मिळतो. फक्त तो फटाका सोबत आणू नका. खोकं आणि बिल आणा, तेवढं पुरतं.

हे एवढं ठासून लिहायला कारण आहे. मागे एकदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री, ऐन गर्दीत, एक काका कापडी पिशवी घेऊन काउंटरवर आले. "तीन भुईनळे अर्धेच उडाले, बदलून द्या," म्हणाले. पिशवी हातात घेतली तर बुडाशी कोमट लागली. आत बघितलं, तर एका नळ्याच्या तोंडाची कागदाची कड काळी पडली होती आणि त्या कडेवरून एक बारीक लाल रेघ खाली सरकत होती. आमच्या पाठीमागे फळ्यांवर सगळा माल. पिशवी तशीच धरून बाहेर धावलो आणि वाळूच्या बादलीत उलटी केली. नळा वाळूतच पेटला, दोन-तीन सेकंद फुरफुरला आणि विझला. कोणाला काही झालं नाही. पण त्यानंतर दुकान पाऊण तास बंद ठेवून फळी न फळी तपासावी लागली, आणि लेकराबाळांना घेऊन आलेली माणसं बाहेर ताटकळत राहिली. काकांची चूक म्हणावी तर त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्रक.

फटाक्याच्या दुकानाला 2008 च्या स्फोटके नियमांखाली परवाना लागतो. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या छोट्या परवान्यावर 100 किलोपर्यंत तयार फटाके आणि वेगळ्या 500 किलोपर्यंत फुलबाज्या ठेवता येतात. हे आकडे ऐकायला लहान वाटतात, पण त्या मालाशेजारी धुमसणारी एक वात आली की काय होईल याचा विचार आम्ही रोज कुलूप लावताना करतो. म्हणून परत आलेला फटाका उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, हा आमचा नियम आहे आणि त्याला ओळखीपाळखीचाही अपवाद नाही.

मग फुसक्या फटाक्याचं करायचं काय? आधी हे समजून घ्या की "फुसका" आणि "विझलेला" हे एक नव्हे. वात आतून दमट असेल तर ती दिसेनाशी होऊन आतल्या आत धुमसते आणि आपण जवळ जाऊन वाकून बघतो तेव्हाच दारूपाशी पोचते. म्हणून वात जळून गेली आणि फटाका उडाला नाही, तर किमान 15-20 मिनिटं त्याच्याकडे फिरकू नका. पायाने ढकलू नका, दुसरी उदबत्ती तर अजिबात लावू नका. नंतर हाताने न उचलता, तोंड बाजूला ठेवून, लांब दांड्याच्या फावड्याने उचला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा. रात्रभर तिथेच राहू द्या.

"पूर्ण बुडवा" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. बरेच जण तांब्याभर पाणी शिंपडतात आणि फटाके पिशवीत कोंबून कचऱ्यात टाकतात. हे धोक्याचं आहे. चमक देणाऱ्या दारूत ॲल्युमिनियमची भुकटी असते. नुसत्या ओलसर दारूत नायट्रेटशी तिची प्रक्रिया सुरू होऊन उष्णता निर्माण होऊ शकते आणि बंद पिशवीत ती उष्णता साठत जाते. भरपूर पाण्यात ती साठत नाही. फुलबाजीच्या तारेलाही हीच बादली. जळती फुलबाजी हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. अंगणात टाकलेल्या तारेवर अनवाणी पाय पडतो, तो बहुधा लहान मुलाचा असतो.

फटाके फुसके निघतात ते बहुतेक वेळा दमटपणामुळे. घरी नेल्यावर खोकं न्हाणीघराच्या माळ्यावर किंवा गॅलरीत ठेवलं जातं, तिथे रात्रीचं दव लागतं. गेल्या वर्षीचे उरलेले फटाके तर हमखास दगा देतात. त्यावर लोक उपाय करतात तो मूळ चुकीपेक्षा वाईट असतो: उन्हात पसरणं, इस्त्रीजवळ किंवा शेगडीशेजारी ठेवणं. कृपा करून हे करू नका. दमटलेला माल वाळवायचा नसतो, बुडवायचा असतो. आमचा माल आम्ही कोरड्या जागी, फरशीपासून उचलून, त्या-त्या हंगामापुरताच ठेवतो. मागच्या हंगामाचा माल आम्ही विकत नाही, आणि बदलून देण्याची हिंमत आम्हाला त्यामुळेच आहे.

"एक इथेच लावून दाखवा" ही विनंतीही नेहमीची. मैदानावरच्या तात्पुरत्या गाळ्यांसाठी नियम स्पष्ट आहे: कोणत्याही गाळ्यापासून 50 मीटरच्या आत फटाके उडवायचे नाहीत. दोन गाळ्यांत किमान 3 मीटर अंतर, समोरासमोर तोंड नाही, उघडा दिवा नाही, आणि एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त गाळे नाहीत. एका गाळ्याला आग लागली तर ती रांगभर धावू नये म्हणून हे सगळं आहे. बाजारपेठ सोडून मैदानात यावं लागतं याबद्दल काहीजण नाराज होतात. चालण्याचा त्रास आम्हालाही कळतो, पण ती जागा आम्ही मनापासून मान्य केली आहे.

माळ मागू नका, आमच्याकडे मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात माळांचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. त्याच निकालाने बेरियमचे क्षार असलेले फटाके आणि संकेतस्थळांवरून होणारी विक्रीही बंद केली. त्यामुळे मोबाईलवर कोणी घरपोच फटाके देतो म्हणून आधी पैसे मागत असेल तर सावध राहा. हिरवा रंग पूर्वीसारखा गडद का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. तो रंग बेरियम देत असे.

आम्ही फक्त हरित फटाके ठेवतो. त्यांची सूत्रं नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केली आणि त्यांतून धुळीचे कण किमान 30 टक्के कमी निघावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे धूर कमी, धूर नाही असं नव्हे. घरात दम्याचा माणूस असेल तर हरित फटाकेही लांबच उडवा. खोक्यावर नीरीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तो काउंटरवरच तपासून घ्या, आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. नुसता हिरवा कागद चिकटवलेली खोकी बाजारात असतात, आणि आमच्यापेक्षा स्वस्त माल दिसतो तेव्हा हे एकदा बघावं.

आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके चालत नाहीत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही नाही. दिवाळीसाठी न्यायालयाने रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली होती. स्थानिक पोलीस किंवा प्रशासन दरवर्षी वेळेबाबत आदेश काढतात, तो आम्ही काउंटरवर लावतो, जाताना वाचून जा.

गावी जाताना फटाके रेल्वेने नेऊ नका. रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. गावी पोचूनच तिथल्या परवानाधारक दुकानातून घ्या, भले आमचं गिऱ्हाईक त्यात जाईल.

लहान मुलांना आम्ही गाळ्याच्या आत घेत नाही. बाहेर बाक ठेवला आहे आणि नमुन्याची रिकामी खोकी मांडली आहेत, त्यावरून त्यांना पसंती सांगता येते. खरेदी मात्र मोठ्यांनीच करावी.

आता बदलीची पद्धत. फटाका बादलीत बुडवल्यावर खोक्याचा कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक असलेला भाग कापून ठेवा. तो आणि बिल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणलं की तेवढे नग बदलून मिळतील, किती फुसके निघाले हे आम्ही तुमच्या शब्दावर धरतो. बॅच क्रमांक आम्हाला हवा असतो कारण एकाच बॅचच्या तक्रारी आल्या की उरलेला माल त्याच दिवशी विक्रीतून काढता येतो. धनत्रयोदशीच्या आधी सकाळी आलात तर गर्दी नसते, आणि कोणता नळा किती अंतरावर ठेवायचा, बाण कशात उभा करायचा हे निवांत दाखवता येतं.